उचल, खाडा आणि दवाखाना : आर्थिक धोरणांचा लैंगिक आरोग्यावर होणारा परिणाम गावपातळीवर कसा तपासावा

मराठवाड्यातील ग्रामपंचायत सदस्य, आशा स्वयंसेविका, बचत गटांच्या ताई आणि गावात पाय रोवून काम करणारे शिक्षक यांना डोळ्यांसमोर ठेवून हे मार्गदर्शन लिहिले आहे. पाळीचे दुखणे, अंगावरून पांढरे जाणे, गर्भपिशवीची शस्त्रक्रिया, नको असताना राहिलेला गर्भ, गुप्तरोग, एचआयव्ही, कोवळ्या वयातले लग्न आणि घरातली जबरदस्ती हे विषय आपण एक तर दवाखान्यावर सोपवतो, नाही तर घराच्या उंबऱ्याआड ठेवतो. प्रत्यक्षात यांतील पुष्कळ दुखण्यांचा माग काढत गेले, तर तो एखाद्या हिशोबाच्या वहीपाशी जाऊन थांबतो. ती वही कधी मजुरांच्या टोळ्या कामावर नेणाऱ्या मुकादमाची असते, कधी फायनान्सवाल्याची, तर कधी सरकारची. हा माग कसा काढावा आणि सापडलेली गोष्ट कोणापुढे, कोणत्या दिवशी मांडावी, एवढेच येथे सांगायचे आहे.

उदाहरण म्हणून मी मुख्यतः ऊसतोड कुटुंबे घेतली आहेत. बीड जिल्ह्यातील धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांतून, तसेच जालना, परभणी, धाराशिव आणि लातूरच्या कोरडवाहू पट्ट्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील उसाच्या फडांकडे निघतात व उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. वीटभट्टी, बांधकाम किंवा कारखान्यातील कंत्राटी काम करणाऱ्या कुटुंबांसाठीही पद्धत हीच राहील. फक्त वही बदलेल.

विचारण्यापूर्वी

पहिली चूक बहुतेकदा शब्दांत होते. "लैंगिक आरोग्याविषयी माहिती घ्यायची आहे" असे म्हणत कोणी दारात उभे राहिले, तर बाई पदर सावरून आत जाईल आणि पुरुष हसून विषय बदलेल. बायका "पिशवी", "अंगावर जाणे", "पांढरं जाणे", "ओटीपोट दुखणे", "लघवीला आग होणे" असे म्हणतात. तेच शब्द वापरावेत. पुरुषांशी बोलणारा पुरुषच असावा आणि बायकांच्या बैठकीत गावच्या सरपंचाने, तो कितीही सज्जन असला तरी, बसू नये.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. कोणत्याही बाईला तिचा स्वतःचा आजार नावानिशी विचारू नये आणि कागदावर नाव लिहू नये. एखाद्याची एचआयव्ही स्थिती त्याच्या संमतीवाचून उघड करण्यास २०१७ च्या एचआयव्ही व एड्स कायद्याने मनाई केली आहे. पण कायदा नसता तरी गावात एकदा फुटलेली गोष्ट परत घेता येत नाही, हे आपण सारे जाणतो. म्हणून प्रश्न नेहमी तिसऱ्या माणसाविषयी विचारावा : "फडावर असताना एखादीला त्रास झाला, तर ती काय करते? कोणाला सांगते? किती दिवस थांबते? पैसे कोठून आणते?" दहा-बारा बायकांच्या गटात हे चार प्रश्न पुरतात, आणि त्यांची उत्तरे कोणत्याही छापील प्रश्नावलीपेक्षा खरी येतात.

वर्षाचा तक्ता मांडणे

जमिनीवर खडूने किंवा रांगोळीने बारा घरे आखावीत आणि चैत्रापासून फाल्गुनापर्यंत महिने लिहावेत; इंग्रजी महिन्यांपेक्षा हे सोपे जाते. पहिल्या ओळीत पैसा येतो कधी ते मांडावे : उचल, म्हणजे मुकादमाने कामाआधी दिलेली आगाऊ रक्कम, कोणत्या महिन्यात मिळते, सोयाबीन-कापसाचे पैसे कधी होतात, रोजगार हमीचे काम कधी निघते, लाडकी बहीण योजनेचे दीड हजार कोणाच्या खात्यावर पडतात आणि कोणाच्या हाती राहतात. दुसऱ्या ओळीत पैसा जातो कधी : शाळा, लग्न, दवाखाना, गटाचा किंवा फायनान्सचा हप्ता. तिसऱ्या ओळीत कुटुंब कोठे असते : गावात, फडावर, की नवरा एकीकडे आणि बायको दुसरीकडे. चौथी ओळ सर्वांत शेवटी, बायका मोकळ्या झाल्यावर घ्यावी : दुखणी कधी वाढतात, शस्त्रक्रिया कोणत्या महिन्यात होतात, लग्ने कधी ठरतात.

चारही ओळी एकाखाली एक आल्या की आकृती आपोआप बोलू लागते. ऊसतोडीच्या गावांत गर्भपिशवीच्या शस्त्रक्रिया मोसम संपल्यानंतरच्या किंवा उचल हाती पडल्यानंतरच्या महिन्यांत दाटलेल्या दिसल्या, तर तो योगायोग मानू नये. आजाराला महिना कळत नाही, पैशाला कळतो.

खाड्याचे गणित

येथे थोडे थांबून हिशोब करणे आवश्यक आहे, कारण बाहेरून येणारे पाहुणे नेमके येथेच चुकतात. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. एक तोडतो, दुसरी मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहते आणि गाडी भरते. म्हणजे बाई बसली की अर्धा कोयता बसत नाही, जवळजवळ पूर्ण कोयता बसतो. काम बुडाले की दिवसाची कमाई जाते आणि वर मुकादम खाडा लावतो, म्हणजे दंड कापतो.

गटात बसून आकडे बायकांकडूनच घ्यावेत. नमुन्यादाखल समजा, कोयत्याने एक लाख रुपये उचल घेतली आहे, तोडणीचा दर टनाला ३६० रुपये आहे आणि जोडपे दिवसाला दोन टन तोडते. उचल फिटायला सुमारे २७८ टन, म्हणजे १३९ दिवस लागतील. हा जवळपास पूर्ण मोसम झाला, तोही एकही सुट्टी न घेता. आता पाळीच्या दिवसांत अंगावर जास्त जाते म्हणून बाई महिन्याला दोन दिवस बसली, तर पाच महिन्यांत दहा दिवस बुडाले. रोजचे ७२० रुपये गेले आणि खाडा दिवसाला ५०० धरला, तर एकूण १२,२०० रुपये होतात. तीन मोसमांत ही रक्कम ३६,६०० वर जाते. एवढ्यात खासगी दवाखान्यात पिशवी काढून होते.

हे गणित मांडल्यावर बैठकीत बराच वेळ कोणी बोलत नाही. "बायका अडाणी आहेत म्हणून ऑपरेशन करून घेतात" हे वाक्य त्यानंतर निदान त्या गावात तरी कोणी उच्चारू नये. बाईने केलेली बेरीज बरोबर असते. ज्या अटींवर तिला ती करावी लागते, त्या अटी कोणीतरी ठरवलेल्या असतात. त्यात डॉक्टरने "कॅन्सर होईल" अशी भीती घातली की उरलेला विरोधही संपतो.

बीडचा प्रश्न राज्यभर चर्चेत आला तो २०१९ मध्ये. राज्य सरकारने आमदार डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ महिलांची गर्भपिशवी काढलेली आढळली, म्हणजे साधारण सहा जणींमागे एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातील १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांत हे प्रमाण ३ टक्क्यांच्या थोडे वर आहे. दोन्ही पाहण्यांतील वयोगट सारखे नसल्याने आकडे एकमेकांशेजारी ठेवताना सावध राहावे. पण अंतर इतके आहे की ते केवळ वयाने भरून निघणारे नाही. कमी वयात पिशवी, आणि तिच्याबरोबर अंडाशयेही काढली गेली, तर पाळी जाण्याचे सारे त्रास आधीच सुरू होतात : हाडे ठिसूळ होणे, अंगाला गरम वाफा लागणे, संबंधाच्या वेळी दुखणे. हे शस्त्रक्रियेपूर्वी सांगितले गेले होते का, हा प्रश्न बैठकीत जरूर विचारावा.

वहीमागचे धोरण शोधणे

प्रत्येक आकड्यापुढे "हे कोणी ठरवले?" असे लिहावे. या टप्प्यावर गावातील एखादा पदवीधर मुलगा किंवा मुलगी बरोबर घेतली, तर काम सोपे होते.

तोडणीचा दर साखर संघ आणि कामगार संघटना यांच्यातील करारातून ठरतो. जानेवारी २०२४ मध्ये त्यात ३४ टक्के वाढ मान्य झाली. उसाची रास्त व किफायतशीर किंमत, म्हणजे एफआरपी, केंद्र सरकार ठरवते आणि तोडणी-वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याच्या त्याच पैशातून वजा होतो. यामुळे तोडणी कामगाराची मजुरी वाढली की ऊस उत्पादकाच्या हाती पडणारी रक्कम घटते, आणि एकाच जिल्ह्यातील दोन गरजू माणसे एकमेकांसमोर उभी राहतात. साखर, मळी आणि इथेनॉल यांवर होणारा नफा मात्र या भांडणात सहसा मोजला जात नाही. ऊसतोडणी यंत्रासाठी मिळणारे सरकारी अनुदान हेही आर्थिक धोरणच आहे. यंत्र आले की फडावरचे हाल कमी होतील हे खरे, पण बसलेल्या कोयत्यांना गावात कोणते काम मिळेल याचे उत्तर त्या अनुदानाच्या कागदात नसते. ते उत्तर मिळेपर्यंत कमी झालेल्या कामासाठी अधिक जोडपी रांगेत उभी राहतील आणि खाड्यापुढे मान तुकवणे आणखी सोपे होईल, असे मला वाटते.

गावात काम नसणे ही या साऱ्याची जड बाजू आहे. महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळातील अनुभवावरून १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा केला आणि देशाने २००५ मध्ये तो आपलासा केला. आपल्या तक्त्यात पाहावे : गेल्या वर्षी टोळ्या निघण्यापूर्वीच्या दोन महिन्यांत गावात हमीची किती कामे निघाली? मजुरी किती दिवसांनी जमा झाली? मजुरी महिनाभर अडकली, तर मुकादमाची रोख उचल जिंकते. हा मुद्दा आरोग्याच्या बैठकीत अप्रस्तुत वाटेल; तो तसा नाही.

आता कर. १ जुलै २०१७ पासून सॅनिटरी पॅडवर १२ टक्के जीएसटी लागला आणि जुलै २०१८ मध्ये तो उठवण्यात आला. निरोधासह कंडोमवर तो आधीपासूनच नव्हता. कर उठला म्हणून किंमत तेवढीच उतरते असे नाही, कारण माफ असलेल्या वस्तूच्या उत्पादकाला कच्च्या मालावर भरलेल्या कराचा परतावा मिळत नाही. जनऔषधी केंद्रावर ऑगस्ट २०१९ पासून एक रुपयाला एक पॅड मिळते. मात्र केंद्र तालुक्याच्या गावी, बाई फडावरच्या कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, आणि वापरलेले पॅड टाकायला किंवा कपडा धुवायला पाणी नाही. स्वस्त पॅडचे धोरण पाण्याच्या टाकीपाशी येऊन अडते.

फुकट उपचाराची किंमत मोजणे

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या सर्व रुग्णालयांत तपासणी व उपचार निःशुल्क झाले आहेत; केसपेपरचेही पैसे नाहीत. वैद्यकीय महाविद्यालयांशी संलग्न रुग्णालये या निर्णयात नाहीत, म्हणून अंबाजोगाई, लातूर, नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात पाठवताना ही गोष्ट आधी सांगावी, नाहीतर बाई खिडकीवरूनच परत येते. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट आहे. हे दोन निर्णय लैंगिक आरोग्यासाठी म्हणून कोणी घेतले नव्हते, तरी पांढरे जाण्याच्या तपासणीसाठी तालुक्याला जाणाऱ्या बाईचा खर्च त्यांनी खरोखर कमी केला आहे. चांगले धोरणही अशा आडवाटेने पोहोचते, हे नोंदवले पाहिजे. केवळ तक्रारींची यादी करणे हा या तपासणीचा हेतू नाही.

तरीही एका खेपेचा पूर्ण हिशोब मांडावा : बुडालेली मजुरी, सोबत येणाऱ्या माणसाची मजुरी, अर्धे आणि पूर्ण तिकीट, बाहेरून लिहून दिलेले औषध, आणि "पुन्हा आठ दिवसांनी या" असे सांगितले असल्यास हे सारे दुप्पट. पांढरे जाण्याच्या किंवा जखमेच्या बहुतेक तक्रारींवर गुप्तरोगांवर उपचार करणाऱ्या सरकारी सुरक्षा क्लिनिकात लक्षणांनुसार रंगीत औषधसंच देतात आणि ते मोफत असतात. करड्या, हिरव्या, पांढऱ्या, निळ्या, लाल, पिवळ्या आणि काळ्या अशा सात रंगांचे हे संच तक्रारीप्रमाणे ठरलेले आहेत. ज्या दुखण्याला संसर्ग कारण आहे, त्यात जोडीदारानेही औषध घेतले नाही तर दुखणे परत येते. नवऱ्याला दवाखान्यात आणणे म्हणजे आणखी एक खाडा, आणि म्हणून तो येत नाही. मग बाईचे तेच दुखणे तिसऱ्यांदा उलटते आणि शेवटी कोणीतरी "पिशवीच काढून टाका" असे सांगते. या साखळीतली एकच कडी बदलायची ठरवली, तर मी जोडप्याला एकत्र, एकाच दिवशी आणि मोसमाबाहेर उपचार देण्याची निवडेन.

मोसमाला निघण्यापूर्वीचे पंधरा दिवस

तपासणी करून अहवाल लिहिण्यात फारसे हशील नाही, जर त्याच वर्षी काही बदलले नाही तर. टोळ्या निघण्याआधीच्या पंधरवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्राकडे पुढील गोष्टींसाठी लेखी मागणी करावी.

गावात किंवा उपकेंद्रात जोडप्यांसाठी तपासणीचा दिवस ठेवावा, शक्यतो संध्याकाळी, म्हणजे मजुरी बुडत नाही. तीस वर्षांवरील बायकांची गर्भाशयमुखाची तपासणी त्याच वेळी व्हावी. "कॅन्सर होईल" या भीतीला याहून चांगले उत्तर नाही. रक्तातील हिमोग्लोबिन तपासून लोहाच्या गोळ्या मोसमभर पुरतील इतक्या द्याव्यात, कारण अंगात रक्त कमी असलेल्या बाईला पाळीत जास्त जाणे अधिक महागात पडते. गर्भनिरोधक साधनांचाही साठा असाच द्यावा. आशा ताई घरपोच देताना तीन निरोधांच्या पाकिटाला एक रुपया आणि गोळ्यांच्या पाकिटाला एक रुपया घेऊ शकते. पण आशा ताई गावाशी बांधलेली आहे आणि तिच्या मोबदल्याचा मोठा भाग कामागणिक मिळतो, त्यामुळे गाव सोडून गेलेल्या बाईमागे तिला जाता येत नाही. अंतरा हे गर्भनिरोधक इंजेक्शन तीन महिन्यांनी घ्यावे लागते. ते निवडलेल्या बाईची पुढची तारीख कार्डावर मोठ्या अक्षरांत लिहून द्यावी आणि फडाजवळच्या सरकारी दवाखान्याचे नाव आधी शोधून ठेवावे.

ज्यांचे एचआयव्हीवरचे, म्हणजे एआरटीचे, औषध चालू आहे त्यांच्याविषयी विशेष जपून वागावे. हे औषध देशात २००४ पासून मोफत मिळते आणि ते एक दिवसही चुकवायचे नसते. आपल्या एआरटी केंद्रात स्थलांतराची कल्पना दिली, तर अधिक महिन्यांचा साठा किंवा फडाजवळच्या केंद्रातून औषध मिळण्याची सोय करता येते. हे काम त्या व्यक्तीने स्वतः किंवा समुपदेशकाने करावे. ग्रामपंचायतीने अशी यादी मागू नये, केंद्रानेही ती देऊ नये. माहितीसाठी १०९७ हा मोफत दूरध्वनी क्रमांक भिंतीवर रंगवून ठेवणे मात्र ग्रामपंचायत नक्की करू शकते.

शिधापत्रिका बरोबर न्यावी, हे सांगायला विसरू नये. देशात कोठूनही धान्य उचलण्याची सोय आता आहे, आणि फडावर उधारीवर घेतलेले धान्य मुकादमाच्या वहीत चढते. वहीतली बाकी जितकी फुगते, तितके बाईचे "नाही" म्हणण्याचे बळ घटते. कामालाही आणि मुकादमाच्या किंवा गाडीवाल्याच्या लगटीलाही. अशा छळाची तक्रार करण्यासाठी कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती असते आणि असंघटित क्षेत्रातील बाईही तिच्याकडे जाऊ शकते. ज्या जिल्ह्यात काम चालू आहे, त्या जिल्ह्यातील समितीचा पत्ता निघण्यापूर्वी मिळवावा.

शस्त्रक्रियेबद्दल एक साधा नियम गावाने पाळावा : दुसऱ्या, शक्यतो सरकारी, डॉक्टरचे मत घेतल्याशिवाय पिशवी काढायची नाही. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने आखलेली मार्गदर्शक तत्त्वे सर्व राज्यांना लागू करण्यास सांगितले आहे, आणि चाळीस वर्षांखालील स्त्रियांच्या शस्त्रक्रियांवर त्यांत विशेष लक्ष आहे. शस्त्रक्रिया झालीच, तर कोणता अवयव काढला हे स्पष्ट लिहिलेला कागद घेऊन जपून ठेवावा. अनेकींकडे तो कागदच नसतो.

नको असलेल्या गर्भाबाबतही खोटी भीती फार आहे. १९७१ चा गर्भपाताचा कायदा २०२१ मध्ये सुधारला गेला. वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचे मत पुरते आणि ठरावीक परिस्थितींत चोवीस आठवड्यांपर्यंत गर्भपात करता येतो. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रियांनाही हा हक्क समान असल्याचे स्पष्ट केले. सरकारी सोय आहे हे ठाऊक नसल्यामुळेच फडावरची बाई औषध दुकानातून आणलेल्या गोळ्या घेऊन रक्तस्राव अंगावर काढते.

मुलींच्या लग्नांचा हिशोब

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रात अठरा वर्षांपूर्वी लग्न झालेल्या तरुण स्त्रियांचे प्रमाण सुमारे २२ टक्के होते, तर परभणी आणि बीड जिल्ह्यांत ते ४० टक्क्यांहून अधिक होते. यावर भाषणे पुष्कळ होतात. तक्त्यापुढे बसलेल्या आया मात्र वेगळे सांगतात : मुलगी सोबत नेली तर शाळा जाते आणि कोपीत तिची काळजी वाटते, गावी ठेवली तर म्हाताऱ्या आजीच्या जिवावर, आणि लग्न लावून दिले तर ती काळजी मिटते, शिवाय नव्या जोडप्याला पूर्ण कोयत्याची उचल मिळते. यांत पहिल्या दोन वाटा सुरक्षित केल्याखेरीज तिसरी बंद होणार नाही.

म्हणून हंगामी वसतिगृह हा लैंगिक आरोग्याचा कार्यक्रम मानावा, असे माझे ठाम मत आहे. राज्याने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना आणली आहे, आणि गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने स्थापन झालेल्या ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी गाळप उसावर टनामागे दहा रुपये कारखान्यांकडून व तेवढीच रक्कम शासनाकडून घेण्याचे धोरण ठरले आहे. गावाने विचारायचे प्रश्न तीन : आपल्या तालुक्यातील मुलींचे वसतिगृह सुरू आहे का, ते टोळ्या निघण्यापूर्वी उघडते की नंतर, आणि तेथे रात्री बाई अधीक्षक राहते का. दिवाळीनंतर उघडणाऱ्या वसतिगृहाचा दसऱ्याला निघणाऱ्या आईला उपयोग नाही.

कर्ज आणि दारू

या दोन गोष्टी थोडक्यात. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनुसार सूक्ष्म कर्ज घेणाऱ्या कुटुंबाच्या सर्व कर्जांचे हप्ते मिळून त्याच्या मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांपेक्षा अधिक नसावेत. शस्त्रक्रियेसाठी काढलेले कर्ज कोणत्या नावावर दाखवले आहे आणि हप्ते या मर्यादेत आहेत का, हे गटाने सभासदाबरोबर बसून पाहावे. दारूपासून राज्याला महसूल मिळतो, आणि तिचा घरातल्या जबरदस्तीशी असलेला संबंध बायकांना सांगावा लागत नाही. परवानाधारक दुकान बंद करण्यासाठी गावातील महिला मतदारांना उभी बाटली–आडवी बाटली मतदानाची मागणी करता येते. बेकायदा हातभट्टीला मात्र मतदान लागत नाही, तेथे पोलीस पाटलापासून सुरुवात करावी.

कोणापुढे आणि कधी मांडावे

आपल्याकडे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला ग्रामसभा घेण्याचा प्रघात आहे. यांतील २६ जानेवारीला तोडणी कुटुंबे फडावर असतात, म्हणजे वर्षातील निदान एक ग्रामसभा त्यांच्यावाचूनच होते. गावाचा विकास आराखडा २ ऑक्टोबरपासून पुढच्या महिन्यांत तयार होतो, आणि तो पक्का होईपर्यंत टोळ्या गेलेल्या असतात. म्हणून सप्टेंबरमध्येच तक्ता पूर्ण करून २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपूर्वीच्या महिला सभेत ठराव घ्यावा. ग्रामसभेआधी महिलांची सभा घेणे कायद्याने आवश्यक आहे. ती बहुतेक ठिकाणी फक्त रजिस्टरात होते, पण मागितली तर घ्यावीच लागते.

पैसा कोठून येईल हेही ठरावातच लिहावे, नाहीतर "निधी नाही" हे उत्तर तयार असते. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करायची असते. तपासणीच्या दिवसाचा मंडप, वाहन आणि पॅड एवढ्यात बसतात. पाणी आणि स्वच्छतागृहांसाठी वित्त आयोगाच्या बंधित, म्हणजे ठरावीक कामांसाठीच राखलेल्या, निधीकडे बोट दाखवावे. जे गावाच्या हाती नाही, म्हणजे खाड्याची मर्यादा, फडावर पाणी व शौचालय, कारखान्याच्या ठिकाणी आरोग्य पथक, ते ठरावाच्या दुसऱ्या भागात स्वतंत्र लिहून साखर आयुक्त, जिल्हाधिकारी आणि महामंडळाकडे पाठवावे. एकाच कागदावर सर्व मागण्या कोंबल्या की प्रत्येक कार्यालय "हा विषय आमचा नाही" म्हणून तो पुढे ढकलते; हे मी एकदा स्वतः भोगले आहे, आणि त्या अर्जाला चार कार्यालयांचे शिक्के मिळाले, उत्तर एकाचेही नाही.

साठा आणि खर्च यांची माहिती नाकारली गेल्यास माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो आणि तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. त्यात मोजके विचारावे : गेल्या बारा महिन्यांत आरोग्य केंद्रात निरोध, गर्भनिरोधक गोळ्या आणि प्रत्येक रंगाचे औषधसंच महिन्यागणिक किती आले, किती वाटले, किती दिवस संपलेले होते. रुग्णांविषयी काहीही विचारू नये.

टोळ्या परतल्या की वैशाखात त्याच बायकांना त्याच जागी बोलावून रांगोळीची बारा घरे पुन्हा आखावीत आणि या मोसमात प्रत्यक्ष किती खाडे पडले, औषध कोणत्या महिन्यात संपले, कोणाला मधूनच गावी यावे लागले, हे जुन्या तक्त्याशेजारी लिहावे. हा दुसरा तक्ता १ मेच्या ग्रामसभेत वाचून दाखवावा आणि इतिवृत्ताची सही-शिक्क्याची प्रत त्याच दिवशी मागून घ्यावी.